पाणी आधी, मासा नंतर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात मासे पाळायची हौस आपल्याकडे नवी नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची पेटी, तिच्यात दोन-चार गोल्डफिश, तळाशी रंगीत खडे आणि बुडबुडे सोडणारा एक प्लास्टिकचा पाणबुड्या, हे दृश्य मुंबई-पुण्यातच नव्हे, तर तालुक्याच्या गावातल्या घरांतही दिसतं. पण हे झालं गोड्या पाण्याचं. खाऱ्या पाण्याची पेटी, म्हणजे समुद्रातले मासे, समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे यांची पेटी घरात ठेवायची म्हटलं, की गोष्ट बदलते. जाणकार दुकानदाराकडे गेलात तर तो एक विचित्र सल्ला देतो. म्हणतो, ‘आज पेटी न्या, मीठ न्या, दगड न्या. मासा मात्र महिना-दीड महिन्यानं न्यायला या.’

नव्या हौशी माणसाला हे पटत नाही. पैसे मोजून आणलेल्या पेटीत नुसतं पाणी भरायचं आणि सहा आठवडे त्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसायचं? आपल्याला ‘पी हळद अन् हो गोरी’ची सवय. पण मंडळी, दुकानदाराच्या त्या एका वाक्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक शिवणकाम करणारी बाई आहे, एका धर्मगुरूची पत्नी आहे, तिच्या घरातली मोलकरीण आहे, एक रसायनशास्त्रज्ञ बाप आणि त्याचा तितकाच चिकाटीचा मुलगा आहे. आणि हो, हौसेपायी उजाड झालेले समुद्रकिनारेही आहेत.

सिसिलीतली काचपेटी

समुद्रातला जीव घरात आणून ठेवायचा आणि तो जिवंत ठेवायचा, हे फार काळ अशक्यच समजलं जाई. मासा पाण्याबाहेर काढला की मरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण भांडंभर समुद्राच्या पाण्यातही तो दोन-तीन दिवसांत का मरतो, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

झान व्हिलप्रू-पॉवर ही फ्रेंच बाई १७९४ साली जन्मली. पॅरिसमध्ये उंची कपडे शिवण्यात तिनं नाव कमावलं होतं. राजघराण्यातल्या एका वधूचा लग्नाचा पोशाखही तिनं तयार केला होता. पुढे एका व्यापाऱ्याशी लग्न होऊन ती सिसिली बेटावरच्या मेसिना या बंदरात राहायला गेली आणि तिथे स्वतःच्या हिमतीवर निसर्गाचा अभ्यास करू लागली. तिचं लक्ष वेधलं आर्गोनॉट नावाच्या छोट्या ऑक्टोपसनं. हा प्राणी कागदासारख्या पातळ, पांढऱ्या शिंपल्यात राहतो. शिंपला त्याचा स्वतःचा, की शंखातल्या खेकड्यासारखा दुसऱ्याचा बळकावलेला, यावर विद्वानांत वाद होता. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या टेबलावर मद्यार्कातले मेलेले नमुने होते. या बाईनं साधा विचार केला: जिवंत प्राणीच बघावा. त्यासाठी १८३२ साली तिनं काचेची पेटी करून घेतली. समुद्रात बुडवून ठेवायचे पिंजरेही तिनं बनवले. शिंपल्याचा तुकडा मोडला तर हा प्राणी तो स्वतः दुरुस्त करतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि वाद मिटवला. पुढे १८३८ साली तिचे कागद आणि संग्रह घेऊन जाणारं जहाज बुडालं आणि बरंचसं काम समुद्रातच गेलं.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल नावाच्या गृहस्थांनी एक समुद्रफूल काचेच्या बरणीत ठेवलं होतं. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, प्राणी. खडकाला चिकटून बसतो आणि पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या सोंडा हलवत भक्ष्य पकडतो. १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेल्या या समुद्रफुलाचं पाणी नेमानं बदललं जाई. डॅलियल १८५१ साली वारले, समुद्रफूल मागे राहिलं. एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे असं करत ते १८८७ पर्यंत जगलं. ‘ग्रॅनी’, म्हणजे ‘आजी’, असं त्याचं नाव पडलं होतं. आजीला शेकडो पिलं झाली आणि आजी गेली तेव्हा वर्तमानपत्रात बातमी आली.

पण या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्या. मेसिनात समुद्र दाराशी होता आणि डॅलियलांच्या बरणीला सतत ताजं पाणी मिळत होतं. समुद्रापासून दूर, पाणी न बदलता हे जमेल का? तो खरा प्रश्न होता.

खिडकीपाशी उभी मोलकरीण

या प्रश्नाशी पहिली झुंज घेतली ती लंडनमधल्या ॲना थिन या बाईंनी. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रसिद्ध चर्चमध्ये वरिष्ठ धर्मगुरू होते. १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावी गेल्या असताना त्यांना खडकांवरचे छोटे प्रवाळ दिसले. प्रवाळ म्हणजे आपलं पोवळं. बाईंना ते लंडनला न्यायचे होते. प्रवासात बरणीत आपटून फुटू नयेत म्हणून त्यांनी सुई-दोरा घेतला आणि ते प्रवाळ चक्क एका मोठ्या स्पंजाला टाचून टाकले!

लंडनला आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. किनाऱ्यावरून मागवलेलं पाणी संपू लागलं. पाण्यात हवा मिसळली तर ते टिकतं, एवढं बाईंना उमगलं होतं. मग उघड्या खिडकीपाशी उभं राहून घरातली मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतू लागली. रोज अर्धा-पाऊण तास. आपल्याकडे दूध निववायला किंवा फेसाळ कॉफी करायला ओततात तसंच. आज दोनशे रुपयांचा हवेचा पंप जे काम गुपचूप करतो, ते काम तेव्हा एका बाईचे दोन हात करत होते. तिचं नाव या कथेत कुठे येत नाही. पण घरगुती मत्स्यालयाचा पहिला एअर पंप कोण, असं विचारलं तर उत्तर तिच्याकडेच जातं.

१८४७ च्या वसंतात थिनबाईंनी समुद्रातल्या वनस्पती मागवल्या आणि त्या भांड्यांत सोडल्या. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रिस्टले आणि इंगेनहाउझ या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंच होतं. या भांड्यांत प्रवाळ नुसते जगले नाहीत, त्यांची संख्या वाढली. समुद्रापासून कितीतरी मैल दूर, शहराच्या मध्यभागी, प्राणी आणि वनस्पती एकमेकांच्या आधारानं खाऱ्या पाण्यात जगत होते. बाईंची निरीक्षणं मात्र छापून आली ती १८५९ साली. तोवर या शोधाचं श्रेय इतरांकडे गेलं होतं.

बापाचा सिद्धांत

त्यांतले मुख्य रॉबर्ट वॉरिंग्टन. हे लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ, काटेकोर प्रयोग करणारे. १८४९ साली त्यांनी काचेच्या मोठ्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ही, शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आपल्याला भेटलेली, पाणवनस्पती ठेवली. काही दिवस छान गेले. मग जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टननी पाणी फेकून दिलं नाही. त्यांनी विचार केला, तळ्यात ही घाण कोण साफ करतं? आणि भांड्यात चार-पाच गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं खाल्ली, काच स्वच्छ केली, वर अंडी घातली. ती अंडी माशांनी खाल्ली!

मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो वनस्पती घेते. वनस्पती प्राणवायू सोडते, तो मासा घेतो. मधली सफाई गोगलगाय करते. १८५० साली वॉरिंग्टननी हे प्रसिद्ध केलं आणि लवकरच समुद्राच्या पाण्यातही हाच प्रयोग सुरू केला. या ‘समतोला’च्या कल्पनेनं लोक भारावून गेले. एका काचेच्या पेटीत सृष्टीचा जमाखर्च जुळतो, ही कल्पनाच किती मोहक! ती चूक नव्हती. पण ती अर्धीच होती, आणि अर्धं राहिलेलं पुढे हजारो जिवांना भोवलं.

गॉसचं पुस्तक आणि हौसेची लाट

फिलिप हेन्री गॉस हे निसर्गअभ्यासक, उत्तम चित्रकार आणि अतिशय धार्मिक वृत्तीचे. ईश्वराची करणी लोकांना जवळून बघता यावी, ही त्यांची तळमळ. १८५२ साली प्रकृतीच्या कारणानं ते इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खाचांत साचून राहणारं पाणी, त्यातली समुद्रफुलं, कोळंब्या, रंगीत शैवाल यांनी त्यांना वेड लावलं. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, तेव्हा तिथले बरेचसे समुद्री जीव गॉसनीच गोळा करून पाठवले होते. १८५४ मध्ये त्यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं. रंगीत चित्रं, सोपी भाषा आणि घरी पेटी कशी मांडावी याची बारकाईनं माहिती. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आज जगभर रूढ आहे, तो मुख्यतः या पुस्तकामुळे.

पुस्तक आलं ते नेमक्या वेळी. इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता, तो १८४५ साली रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. लंडनची रेल्वे १८४८ साली टॉर्कीपर्यंत पोचली होती. मध्यमवर्गाच्या हातात थोडा पैसा आणि सुट्टी होती. शिवाय काचेच्या बंद पेटीत झाडं वाढवायची हौस आधीच घराघरांत शिरली होती. डॉ. वॉर्ड यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या पेट्यांतूनच रॉबर्ट फॉर्च्युन यानं चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली, म्हणजे आपल्या सकाळच्या कपाशीही या काचेच्या वेडाचं दूरचं नातं आहे.

लंडनमध्ये विल्यम ॲल्फर्ड लॉइड नावाच्या माणसानं केवळ मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान काढलं. पेट्या, समुद्राचं पाणी, जिवंत समुद्रफुलं, सगळं एका छताखाली. ज्यांना समुद्राचं पाणी मिळत नव्हतं, त्यांच्यासाठी गॉसनी कृत्रिम पाण्याची कृती दिली होती: साधं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण बघून त्यांनी ही कृती बसवली होती. आजही ‘नुसतं स्वयंपाकाचं मीठ पाण्यात टाकलं तर चालेल का’ असं अनेक जण विचारतात. चालत नाही. समुद्रातल्या क्षारांत सुमारे ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइड असतो, पण उरलेल्या १५ टक्क्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे घटक असतात आणि त्यांच्यावाचून समुद्री जीव तग धरत नाहीत. पुढे ‘चॅलेंजर’ या जहाजाच्या जगप्रवासात गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ साली सांगितलं, की खारटपणा कमी-जास्त असला तरी या मुख्य घटकांचं आपसातलं प्रमाण सगळ्या महासागरांत जवळपास तेच असतं. म्हणूनच आज एकाच पिशवीतलं मीठ वापरून नागपूरलाही हिंदी महासागर तयार करता येतो!

उजाड झालेले किनारे

आता या कथेची दुसरी बाजू. पुस्तकं वाचून लोक आगगाडीनं किनाऱ्यावर उतरू लागले. हातात टोपली, बरण्या, छिन्नी-हातोडा. खडक फोडून समुद्रफुलं काढायची, शैवाल ओरबाडायचं, मिळेल ते घरी न्यायचं. घरच्या पेटीत दहा-वीस जीव एकदम सोडायचे. चार दिवसांत पाणी फेसाळायचं, दुर्गंधी सुटायची, सगळं मरायचं. पुढच्या सुट्टीत पुन्हा किनारा.

खडकांतली ती डबकी म्हणजे हजारो वर्षं भरती-ओहोटीनं जोपासलेल्या बागा होत्या. काही वर्षांत त्या ओक्याबोक्या झाल्या. गॉस यांचा मुलगा एडमंड लहानपणी बापाचा हात धरून त्या डबक्यांतून हिंडला होता. १९०७ साली लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात त्यानं ती हानी नोंदवून ठेवली आहे. ज्या माणसानं त्या सौंदर्याकडे भक्तिभावानं पाहिलं, त्याच्याच पुस्तकांमुळे ते लुटलं गेलं, आणि याची खंत बापाला जन्मभर राहिली, असं तो सांगतो. प्रेमानं केलेलं वर्णन त्या जागेच्या मुळावर आलं. मंडळी, आपल्याकडेही एखादा शांत धबधबा किंवा कोकणातला अस्पर्श किनारा प्रसिद्धीला येतो, त्यानंतर काय होतं ते आपण पाहतोच.

१८६० च्या दशकात लाट ओसरली. १८६२ मध्ये लॉइडचं दुकान दिवाळ्यात निघालं. दशक संपता संपता लेखक मंडळी या वेडाविषयी भूतकाळात लिहू लागली. माळ्यावर रिकाम्या काचपेट्या तेवढ्या उरल्या.

मुलाला मिळालेलं उरलेलं अर्धं

पण पेट्यांमधले जीव मरत का होते? हवा मिळत होती, वनस्पती होत्या, गोगलगाई होत्या. मग बिघडत काय होतं?

याचं उत्तर मत्स्यालयात सापडलं नाही, सांडपाण्यात सापडलं. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी ठिबकत सोडलं. सांडपाण्यात अमोनिया असतो. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया वरून आत जाई, खालून तसाच बाहेर येई. मग खालून नायट्रेट येऊ लागलं, आणि लवकरच अमोनिया नाहीसा झाला. आपल्याकडे ज्याला सोरा म्हणतात आणि ज्याची बंदुकीची दारू करत, तोही नायट्रेटच. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबलं. पुन्हा थोडं मातीचं पाणी घातलं, काम सुरू झालं. अर्थ उघड होता: हे काम वाळू करत नव्हती. वाळूवर वस्तीला आलेले सूक्ष्म जीव करत होते, आणि त्यांची वस्ती बसायला वेळ लागत होता.

हा धागा इंग्लंडमध्ये उचलला तो रॉदॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रातल्या एका रसायनशास्त्रज्ञानं. त्याचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. गोल्डफिशचा प्रयोग करणाऱ्या वॉरिंग्टनांचा हा मुलगा! शेतातल्या मातीत खताचं नायट्रेट कसं होतं, हा त्याचा विषय. वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यानं दाखवलं, की हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगळे जीव ते करतात. पहिला अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पण ते जीव वेगळे काढायला त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, कारण प्रयोगशाळेत नेहमी वापरतात त्या जिलेटिनवर ते वाढतच नाहीत. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं ते साधलं.

आता पेटीकडे परत या. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं अन्न आणि मेलेला जीव कुजला की आणखी अमोनिया होतो. अमोनिया जहाल, नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानानं सौम्य. समुद्रात हे विष अफाट पाण्यात विरून जातं. पेटीत ते साठतं. वनस्पती त्यातलं थोडंफार शोषतात, म्हणून बापाचा सिद्धांत पूर्ण खोटा नव्हता. पण खरी सफाई करणारे कामगार दगडांवर आणि वाळूत वस्ती करणारे ते जिवाणू. आणि ते भारी संथ. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात दुपटीच्या वर जातात. यांना दुप्पट व्हायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे. लंडनच्या हौशी मंडळींनी पहिल्याच दिवशी पेटी भरून टाकली होती. कामगार हजर होण्यापूर्वीच कारखाना सुरू केला, म्हणा ना!

बापानं मांडलेल्या कोड्याचं उत्तर मुलाच्या हातात आलं होतं. पण ते शेतीच्या आणि सांडपाण्याच्या ग्रंथांत राहिलं. मत्स्यालयाच्या हौशी लोकांपर्यंत ते नीटपणे पोचायला विसाव्या शतकाची साठ-सत्तरची दशकं उजाडली. एका घरातल्या दोन पिढ्यांतलं ज्ञान एका पेटीत एकत्र यायला पाऊण शतक गेलं.

पुन्हा निसर्गाकडे

मधल्या काळात दोन चांगल्या गोष्टी घडल्या. दिवाळं निघालेल्या लॉइडनं हार मानली नाही. त्यानं आधी हॅम्बुर्गला आणि मग १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सार्वजनिक मत्स्यालयं उभारली. त्याची युक्ती अशी, की दाखवायच्या टाक्यांच्या खाली अंधारा, थंड, मोठा हौद ठेवायचा आणि पाणी सतत वर-खाली फिरवायचं. जितकं पाणी जास्त, तितका त्याचा स्वभाव स्थिर. आजच्या पेटीखालच्या कपाटात जी दुसरी टाकी लपवलेली असते, ती या हौदाचीच नात.

दुसरी गोष्ट जाकार्तामधली. ली चिन एंग या हौशी माणसानं १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. महागडी यंत्रं नाहीत. समुद्रातून आणलेले सच्छिद्र दगड, ज्यांच्यावर आणि ज्यांच्या आत सूक्ष्म जीव आधीच वस्तीला आहेत, सूर्यप्रकाश, आणि हवेचे थोडे बुडबुडे. जगभरच्या तज्ज्ञांना जे प्रवाळ टिकवता येत नव्हते, ते त्याच्या पेटीत वाढत होते. त्या ‘जिवंत दगडां’वरच पुढे घरगुती प्रवाळपेट्यांची सगळी पद्धत उभी राहिली.

आणि ही कथा संपलेली नाही. २००५ साली अमोनियावर जगणाऱ्या अगदी वेगळ्याच कुळातल्या एका सूक्ष्म जीवाची ओळख पटली. हे कूळ महासागरांत प्रचंड संख्येनं आढळतं, पण त्यातला हा जीव पहिल्यांदा हाती लागला तो अमेरिकेतल्या सिअॅटल शहराच्या मत्स्यालयातल्या एका टाकीच्या खड्यांत!

आपल्याकडचं काय?

मुंबईकरांच्या तीन पिढ्यांना समुद्राच्या पोटातलं जग दाखवलं ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयानं. १९५१ साली ते सुरू झालं. २०१५ मध्ये त्याचं रूप पालटलं, पुढे इमारत धोकादायक ठरल्यानं ते बंद झालं. शाळेच्या सहलीत काचेला नाक लावून पाहिलेला तो पहिला समुद्री मासा अनेकांच्या हौसेचं मूळ असेल.

ही हौस घरी आणायची असेल तर इतिहासानं शिकवलेले धडे थोडक्यात सांगतो. पेटी फार लहान नको. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावतं. नवख्यानं याहून लहान घेऊ नये, कारण थोडं पाणी लवकर बिघडतं आणि लवकर तापतं. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबानं तयार सागरी मीठ घालायचं, म्हणजे या पेटीला दोन किलोच्या आसपास. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी आणून ओतायच्या फंदात पडू नये, त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढून टाकावं. पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानंच भरायची, खाऱ्या नव्हे. पाण्याचं तापमान २५-२६ अंशांवर राहायला हवं आणि आपल्या उन्हाळ्यात तीच मोठी डोकेदुखी, याचा विचार खरेदीआधी करावा. मग दगड, वाळू, पंप आणि प्रतीक्षा. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचे संच मिळतात. दोन्ही वाढून पुन्हा शून्यावर आले, की वस्ती बसली असं समजावं. त्यानंतर एक किंवा दोन छोटे मासे, एवढंच. नायट्रेट काढायला दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहावं.

आणि खडकांवरचा धडा विसरू नये. आपल्या देशात २००१ सालापासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. किनाऱ्यावरून उचललेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही पेटीत चालत नाही. भट्टीत भाजलेले किंवा इतर सच्छिद्र दगड वापरावेत, जिवाणूंना तेही चालतात, फक्त वस्ती बसायला थोडा जास्त वेळ लागतो. फिलिपिन्ससारख्या देशांत प्रवाळांत लपलेले मासे सायनाइड फवारून बेशुद्ध करून पकडण्याचा प्रकार साठच्या दशकापासून चालत आला आहे, त्यात मागे राहतात ते मेलेले प्रवाळ. म्हणून मासा घेताना तो समुद्रातून पकडलेला, की हॅचरीत वाढवलेला, हे जरूर विचारावं. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश, २००३ च्या चित्रपटानं घराघरांत पोचवलेला ‘निमो’, अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून हॅचरीत वाढवला जातोय. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंही त्याचं तंत्र विकसित केलं आहे. नवशिक्यासाठी तोच सगळ्यात योग्य मासा: काटक, हॅचरीतल्या खाण्याला सरावलेला, आणि त्याच्यासाठी कुठलाही खडक उजाड होत नाही.

एवढंही जमणार नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मोठी ओहोटी असेल त्या दिवशी रत्नागिरी-मालवणच्या, अगदी मुंबईच्याही खडकाळ किनाऱ्यावर जा. खडकांच्या खाचांत साचलेल्या पाण्यात समुद्रफुलं, शंखातले खेकडे, गोगलगाई आपापलं काम करताना दिसतील. तिथे पंप नाही, मोलकरीण नाही, कुणी दर आठवड्याला पाणी बदलत नाही. ते काम दिवसातून दोनदा समुद्र करतो. वाकून बघा, मुलांना दाखवा, दगड उलटलात तर पुन्हा होता तसा ठेवा. आणि तरीही पेटी आणावीशी वाटली, तर दुकानदार सांगेल तेवढे आठवडे थांबा.